मदत हवी आहे: अकोल्याचा उन्हाळा, बाबांची बीपीची गोळी आणि घसरलेलं सोडियम

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा. मी पुण्यात असते, आईबाबा अकोल्याला. बाबा ७१ वर्षांचे, बीपी आहे बऱ्याच वर्षांपासून, रोज सकाळी एक गोळी. त्या गोळीत लघवीचं औषध मिक्स आहे हे मला मागच्या मेपर्यंत माहीतच नव्हतं.

तर मागच्या मे महिन्यात पहाटे चारला आईचा फोन आला, "बाबा कसेतरीच करून राह्यले." बाथरूमला उठले आणि दारापाशीच खाली बसले, आईला आत्याच्या नावाने हाका मारत होते आणि चप्पल हातात धरून चप्पल कुठं गेली म्हणून विचारत होते. ताप नाही, उलटी नाही, आदल्या दिवशी घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. शेजारच्या काकांनी गाडी काढली, ॲडमिट केलं, रक्त तपासलं तर सोडियम १२१. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. पाच दिवस ठेवून घेतलं, हळूहळूच वाढवलं, कारण भराभर वाढवलं तर मेंदूला इजा होते म्हणे. मी दुपारी पोचले तर मला ओळखलं, पण म्हणाले, "शाळा सुटली का गं एवढ्यात?" ते अजून डोक्यातून जात नाही.

मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो की आम्ही सगळं सांगितल्याप्रमाणेच करत होतो. उन्हात जाऊ नका, नाही गेले. भरपूर पाणी प्या, तर माठातलं पाणी दिवसभर तांब्यामागून तांब्या चालू होतं. बीपी आहे म्हणून मीठ कमी, लोणचं बंद, पापड बंद, ताकसुद्धा अळणी. उन्हाळ्यात जेवण जात नाही म्हणून रात्री नुसता ताकभात. डॉक्टरांनी नंतर समजावलं तेव्हा कळलं की घामातून मीठ गेलं, गोळीने लघवीतून गेलं, जेवणातून आलं नाही, आणि आत येत राहिलं ते फक्त पाणी. हे टीव्हीवर कोणी सांगत नाही हो. "भरपूर पाणी प्या" एवढंच सांगतात, आणि म्हातारं माणूस ते मनापासून ऐकतं.

दुसरं घराचं. वरचा मजला, वर सरळ स्लॅब, पश्चिमेला खिडकी. मी खोलीत लावायला थर्मामीटर घेतला होता, रात्री साडेअकराला ३७ दाखवत होता. पोळ्या झाल्यावर शेगडीशेजारचा ओटा लागतो तशी भिंत हाताला लागत होती. बाहेर तोवर बरं झालेलं असतं, पण आत स्लॅब रात्रभर गरमी सोडत राहतो आणि शरीराला उतारच मिळत नाही. आईबाबा आधी गच्चीवर झोपायचे, आता बाबांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. कूलर आहे पण नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यामुळे बाबा कूलरला पाणी घालू देत नाहीत, "प्यायले पुरत नाही अन् तू हवेले पाजून राह्यली!"

आणि बाबांचं ठरलेलं वाक्य, "आम्ही काय ऊन आजच पाहून राह्यलो का?" यावर काय बोलायचं मला कळत नाही. ऊन तेच नाहीये हे मला दिसतंय. २०२४ हे भारतात १९०१ पासूनचं सगळ्यात गरम वर्ष होतं असं हवामान खात्यानेच सांगितलंय. दिवसा ४० च्या वर आणि रात्रीचं तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर खातं आता 'उष्ण रात्र' म्हणून वेगळी सूचना देतं. शिवाय ते लहानपणी कवेलूच्या घरात राहिले, आता स्लॅबखाली आहेत, वय ७१ आहे आणि गोळी चालू आहे. पण हे फोनवर सांगायला गेलं की ते फोन आईकडे देतात.

आता मार्च संपत आलाय आणि माझ्या पोटात गोळा आलाय. सोडियम घसरल्यावर गोळी बदलली होती, पण मग बीपी वाढलं म्हणून हिवाळ्यात दुसऱ्या डॉक्टरांनी परत लघवीचीच गोळी जोडली. एक म्हणतात मीठ नको, एक म्हणतात ओआरएस द्या. घरात बीपीचं माणूस असलेल्यांनी सांगा, तुम्ही उन्हाळ्यात नक्की काय करता? आणि कमी पाण्यात, कमी खर्चात ती खोली रात्री थंड कशी ठेवायची?

निशिगंध: मी फिजिशियन आहे. पेशंट न बघता डोस सांगणार नाही, पण हे करा. एप्रिल लागायच्या आत मागच्या वर्षीचं डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा आणि "या गोळीने सोडियम १२१ झालं होतं" हे स्पष्ट सांगा, नव्या डॉक्टरांना बहुतेक माहीतच नसणार. गोळी मनाने बंद करू नका. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आत्ता एकदा आणि मे महिन्यात परत एकदा करा. ओआरएस हे औषध आहे, बीपीवाल्याने सरबतासारखं पिऊ नये, किती आणि कधी ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. तहान नसताना तांब्यामागून तांब्या नको, जेवण टाळू नका, वरणाचं पाणी, पेज असं काहीतरी पोटात जाऊ द्या. माणूस गोंधळला, अंग तापून ४० च्या वर गेलं तर तो उष्माघात समजा, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने तो ताप उतरत नाही.

खामगावकर: ताई, गच्चीला चुना मारा. रात्रभर भिजवलेला चुना, त्यात फेव्हिकॉल, दोन हात. आमच्याकडे दोन वर्षं झाली, दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहता येतं आता. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी नेट किंवा वाळ्याची ताटी लावा, आतून पडदा लावून उपयोग नाही, ऊन काचेतून आत आलेलं असतं. आणि कूलर लावून सगळं बंद करून घेऊ नका, समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे, नाहीतर नुसता दमटपणा वाढतो. आपल्याकडे हवा कोरडी म्हणून कूलर चालतो, मुंबईवाल्यांचं ऐकू नका. पाणी कमी असेल तर दिवसा बंद ठेवा, रात्री नऊ ते पहाटे चालवा, भांडी विसळलेलं पाणी तेवढं त्यात घालू नका, वास मारतो.

निशिगंध: एक राहिलं. खोली ४० च्या वर असेल तर नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. त्या वेळी अंगावर ओला पंचा हवा, मग पंखा.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. डिस्चार्ज कार्डचं अगदी खरं आहे, ते आईच्या कपाटात साड्यांखाली आहे, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलंच नव्हतं. गुढीपाडव्याला जातेय तेव्हा बरोबर घेऊन जाते. चुन्याचं बाबांना आत्ताच फोनवर सांगितलं, पहिल्यांदाच नाही म्हणाले नाहीत, त्यांच्या वडिलांच्या घराला दरवर्षी चुना व्हायचा म्हणाले आणि मग दहा मिनिटं त्याबद्दलच बोलत होते. खामगावकर, गच्ची २२ बाय ३० फूट आहे, चुना किती किलो लागेल आणि जुन्या वॉटरप्रूफिंगवर मारला तर धरेल का?