अकोट्यातील जुना बंगला: फरशी, किचनची कपाटे आणि उपकरणे कशी निवडावीत?

अकोटावासी

नमस्कार. बडोद्यात अकोटा भागात, विश्वामित्री नदीपासून फार लांब नसलेल्या सोसायटीत आमचा सत्तरच्या दशकातला दुमजली बंगला आहे आणि दिवाळीनंतर त्याचे नूतनीकरण करायचे ठरले आहे. तळमजल्यावर दिवाणखाना, देवघर, स्वयंपाकघर आणि सासू-सासऱ्यांची खोली आहे. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. सगळीकडे जुनी मोझॅकची फरशी आहे. डिझायनरच्या आराखड्यात संपूर्ण घरात इटालियन मार्बल, स्वयंपाकघरात एमडीएफवर अॅक्रिलिकची कपाटे, क्वार्ट्झचा ओटा आणि सर्व उपकरणे बिल्ट-इन असे सुचवले आहे. खर्चाची फार चिंता नाही, परंतु ऑगस्ट 2024 च्या पुरात आमच्या दिवाणखान्यात गुडघाभर पाणी होते आणि आराखड्यात त्याची दखल कुठेच घेतलेली दिसत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

मांजलपूरचा स्थापत्यकार

आपली शंका रास्त आहे. 31 जुलै 2019 रोजी शहरात एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि पाच वर्षांनी पुन्हा पूर आला. त्यामुळे आपल्या तळमजल्याचा आणि वरच्या मजल्याचा विचार वेगवेगळाच करावा लागेल.

तळमजल्यावर इटालियन मार्बल मी घालू देणार नाही. हा दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने लिंबू, चिंच, दही यांतील आम्लाने त्याची झळाळी जाते. वर सीलर मारला तर हळदीचा डाग मुरायला वेळ लागतो, पण आम्लाचा चट्टा त्याने थांबत नाही. त्यात पुराचे गढूळ, गटाराचे पाणी दोन दिवस साचून राहिले, तर सच्छिद्र दगडात आत गेलेला रंग पॉलिशनेही पूर्ण निघेलच असे नाही. त्याऐवजी फुल-बॉडी व्हिट्रिफाइड टाइल घ्यावी, कारण तिचे पाणी शोषण 0.5 टक्क्यांच्या आत असते आणि रंग पूर्ण जाडीत असल्यामुळे टवका उडाला तरी आत दुसरा रंग दिसत नाही. टाइलच्या कारखान्यांचे मोरबी गुजरातमध्येच असल्यामुळे 800 × 1600 मिलिमीटरचे मोठे तुकडे प्रत्यक्ष पाहून निवडता येतात. मात्र इतकी मोठी आणि पाणी न शोषणारी टाइल नुसत्या सिमेंटच्या मसाल्यावर नीट धरत नाही. टाइल अॅडहेसिव्ह वापरायला लावा, सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरा आणि एकाच बॅचचा माल सुमारे दहा टक्के जास्त घेऊन ठेवा. नंतर तीच छटा सहसा मिळत नाही. सासू-सासऱ्यांच्या न्हाणीघरात आणि मागच्या पडवीत चकचकीत टाइल नको. तिथे पाय न घसरण्यासाठी किमान आर-10 दर्जाची खरखरीत टाइल असावी.

फरशी उखडण्यापूर्वी मोझॅकचीही एकदा परीक्षा घ्या. लाकडी दांड्याने ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज येत नसेल आणि तडे मोजकेच असतील, तर वरच्या मजल्यावर डायमंड पॉलिश करून ती फरशी तशीच ठेवता येते. त्या काळातील कारागिरीचे मोझॅक आज सहसा कोणी करून देत नाही, आणि ते काढून टाकण्याची घाई डिझायनरला असते, घरमालकाला असायचे कारण नाही. जुन्या फरशीवरच टाइल चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला, तर पातळी दीड-दोन सेंटीमीटरने वाढते हे लक्षात ठेवा. सगळे दरवाजे खालून कापावे लागतात आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याची उंची उरत नाही.

रंधा आणि पटाशी

फरशीबाबत वरील मताशी सहमत आहे. कपाटांबाबत लिहितो.

एमडीएफ म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड. कडेने पाणी शिरले की तो फुगतो आणि वाळल्यावर पूर्वीच्या आकारात येत नाही. पूर नसला तरी सिंकखालची गळती एवढे करायला पुरेशी असते. तळमजल्यावर खालची कपाटे 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या सांगाड्याची करावीत आणि त्यांना हवी ती दारे लावावीत. दिसायला ती कुठेही कमी पडत नाहीत. प्लायच घ्यायचे असल्यास आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन प्लाय मागा, कारण त्याच्या चिकटवणीची परीक्षा उकळत्या पाण्यात 72 तास ठेवून घेतलेली असते. बाजारात "वॉटरप्रूफ" म्हणून खपवले जाणारे बरेचसे प्लाय आयएस 303 चे असते, आणि त्यातही एमआर म्हणजे केवळ ओलाव्याला तोंड देणारे. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, सांगाडा जमिनीला न टेकवता उंची बदलता येणाऱ्या पायांवर उभा करा आणि खालची स्कर्टिंगची पट्टी काढता येईल अशी ठेवा, म्हणजे पाणी ओसरल्यावर आत झाडूही जाईल आणि हवाही. जुना बंगला म्हटल्यावर वाळवी आलीच. फर्निचर बसवण्याआधी जमीन आणि भिंतीचा सांधा यांवर वाळवीविरोधी प्रक्रिया झाली पाहिजे.

वरच्या कपाटांना आणि वरच्या मजल्यावरील वॉर्डरोबला अॅक्रिलिक चालेल. ओट्याला मात्र क्वार्ट्झ नको. त्यात राळ असते आणि चुलीवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर डाग पडतो. पुरणपोळीचा तापलेला तवा दर वेळी लाकडी पाटावर ठेवणारे घर मी पाहिलेले नाही. काळा ग्रॅनाइट घ्या.

अलकापुरीतील वाचक

मार्बलला सरसकट नकार मला मान्य नाही. वरच्या मजल्यावर, जिथे स्वयंपाक नाही आणि पाणीही पोहोचत नाही, तिथे हौस असेल तर अवश्य घालावे. दगडाचा गारवा आणि त्यातील रेषांची ओघवती नक्षी छापील टाइलमध्ये येत नाही, आणि मोझॅकप्रमाणेच तो पुन्हा पुन्हा पॉलिशही करता येतो. फक्त पॉलिश लगेच करून घेऊ नका. खालचा मसाला पूर्ण वाळू द्या.

अकोटावासी

सर्वांचे आभार. तळमजल्यासाठी टाइल आणि स्टीलचा सांगाडा हे पटले. उपकरणांबाबत अजून निश्चिती होत नाही. डिशवॉशर, इंडक्शन आणि ओव्हन तिन्ही हवे आहेत. ही उपकरणे कपाटे तयार झाल्यावर खरेदी केली तर चालेल का?

मांजलपूरचा स्थापत्यकार

नाही. उपकरणांचे मॉडेल आधी ठरवावे, त्याचे मापांचे रेखाचित्र सुताराच्या हाती द्यावे आणि त्याआधी कपाटाचे एकही माप कापू देऊ नये. डिशवॉशरचेच घ्या. 60 सेंटीमीटर रुंदीच्या यंत्राची उंची साधारण 82 सेंटीमीटर असते. आपल्याकडच्या 34 इंची ओट्यातून वरचा ग्रॅनाइट आणि त्याखालची कडाप्पा फरशी वजा केली की तेवढी जागा उरत नाही, म्हणून त्या ठिकाणी ओटा उंच करावा लागतो किंवा खालची कडाप्पा काढून लोखंडी आधार द्यावा लागतो. त्याचा प्लग यंत्राच्या मागे न ठेवता शेजारच्या कपाटात, शक्य तितका वर ठेवावा. बोअरचे पाणी असेल तर कठीणपणा मोजून घ्या आणि पाणी मऊ करणाऱ्या मिठाची सोय असलेलेच यंत्र घ्या. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजून कठीणपणा कळत नाही.

चार शेगड्यांच्या इंडक्शनला सुमारे सात किलोवॅट लागतात. त्यासाठी वेगळी 6 चौरस मिलिमीटरची तार आणि 32 अॅम्पियरचा एमसीबी लागेल. ओव्हन व वातानुकूलन यंत्रे मिळून सध्याचा मंजूर भार अपुरा ठरण्याची शक्यता असल्याने मध्य गुजरात वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज वायरिंगआधीच करावा. पाइपचा गॅस घरात असेल तर दोन गॅसच्या आणि दोन इंडक्शनच्या शेगड्या मला सोयीच्या वाटतात, म्हणजे वीज गेली तरी चहा अडत नाही.

ओव्हन उंच कपाटात छातीच्या पातळीवर बसवा. वाकावे लागत नाही आणि पुराच्या रेषेच्याही वर राहतो. फ्रिज मात्र बिल्ट-इन घेऊ नका. तळमजल्यात पाणी शिरू लागले की सुटा फ्रिज चार जण उचलून चौथऱ्यावर ठेवू शकतात, कपाटात जडवलेला तसाच बुडतो. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी वरच्या मजल्यावर न्या, आणि तळमजल्यावरील सॉकेटांची उंची मागच्या पुराच्या खुणेपेक्षा किमान एक फूट वर धरा. खूण भिंतीवर अजून असेल तर रंगकाम सुरू होण्याआधी मोजून घ्या.