जुनं घर पाडून नवीन बांधायचं आहे, सुरुवात कुठून करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आजोबांनी बांधलेलं घर आहे. खालचा मजला दगडी, वरचा विटांचा, कौलं उतरवून कधीतरी सिमेंटचे पत्रे टाकलेले. वडील गेल्यापासून घराचा विषय नुसता निघायचा आणि तिथेच विरायचा. आता मी, धाकटा भाऊ आणि बहीण, तिघांचं एकदाचं जमलंय: डागडुजीत पैसा घालत बसण्यापेक्षा पाडून नवीन बांधू. आई 'हो' म्हणाली आहे. त्या 'हो'मध्ये फारसा जीव नाही हे आम्हाला कळतं, पण जिन्यावरून तीही आता भिंत धरून उतरते.

घराची अवस्था सांगतो. जिन्यालगतच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर गेलीये. वडील होते तेव्हा त्यात नख जायचं, आता करंगळी जाते. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि आमचा उंबरा वीतभर खाली राहिला, त्यामुळे मोठी सर आली की पाणी सरळ ओसरीवर. मागच्या दाराची चौकट अंगठ्याने दाबली तर पुठ्ठ्यासारखी आत जाते, वाळवी. एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. परसात जुना शोषखड्डा बुजवलाय, पण नेमका कुठे ते कुणालाच आठवत नाही.

घरं पाडणारा एक माणूस येऊन बघून गेला. म्हणतो, 'आठ दिवसांत जागा मोकळी करतो, लाकडाचे पैसे वर देतो.' ओळखीचे एक कंत्राटदार म्हणतात, आधी पाडा, मोकळी जागा दिसली की नकाशा सुचतो. दोघांनाही घाई आहे आणि आम्हाला बांधकामातलं ओ की ठो कळत नाही. क्रम काय असतो? आधी कुणाला गाठायचं?

'पाडू नका हो, आठवणी असतात' हा सल्ला घरात भरपूर मिळून झालाय, तो कृपया नको. :)

प्रतिसाद

अहो, त्या दोघांना सध्या गोड बोलून वाटेला लावा. हातोडा सगळ्यात शेवटी.

आम्ही उलटं केलं आणि पस्तावलो. आमचं जुनं घर हद्दीला टेकून होतं. पाडल्यावर नकाशा मंजुरीला दिला तेव्हा कळलं, नव्या बांधकामाला चारी बाजूंनी जागा सोडावी लागते. जुन्या घराला चालून गेलं ते नव्याला चालत नाही. एक अख्खी खोली गेली. आधी माहीत असतं तर कदाचित अर्धं घर ठेवून दुरुस्त केलं असतं. पण तोवर ढिगारासुद्धा उचलून झाला होता. म्हणून आधी आर्किटेक्ट, मग मंजुरी, मग पैशांची सोय आणि मग पाडकाम. पाडायचीही वेगळी परवानगी लागते का, ते मंजुरीच्या वेळीच विचारून घ्या.

त्याच्याही आधी कागद. घर अजून वडिलांच्या नावावर असेल तर वारसांची नावं लावून घ्या. तिघांचं जमलंय म्हणता, छान. ते कागदावर उतरवा: कोण किती घालणार, कुणाला कुठला मजला, आईचा हक्क काय, उद्या एकाला विकायचं झालं तर काय. आत्ता हे लिहिताना अवघडल्यासारखं होतं. प्लास्टर चालू असताना पैसे संपले की मग लिहायला कुणी बसत नाही.

आणि मोजणी घर उभं असताना करा, शेजाऱ्यांना बोलावून. जुनी भिंत हीच हद्दीची साक्षीदार असते. ती गेली आणि खुणेचा दगड ढिगाऱ्याखाली गेला की हातभर जागेवरून भांडणं होतात.

प्रतिसाद

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

चिरेबद्दल आधी. तिरकी आणि वाढती चीर बहुतेकदा पाया एका बाजूने खचत असल्याची खूण असते. एक साधी गोष्ट आजच करा. चिरेवर आडवा, बोटभर रुंद, प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा ओढा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टा तडकला तर चीर अजून चालू आहे. तसं झालं तर आईंना त्या जिन्यावरून वर पाठवू नका आणि कुणाला तरी लगेच दाखवा. पाया का खचला हे कळणं नव्या घरासाठीही महत्त्वाचं आहे, कारण जमीन तीच राहणार. काळी चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, तिच्यावर नेहमीचा पाया टिकत नाही. माती परीक्षण टाळू नका. एकूण खर्चात ते किरकोळ असतं.

शोषखड्डा शोधून काढाच. बुजवलेल्या भरावावर कॉलम आला तर तो खचणार. आणि खड्डा उघडला तर कुणालाही लगेच आत उतरू देऊ नका. असल्या खड्ड्यांत विषारी वायू साचलेला असतो, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो.

पत्रे जुने सिमेंटचे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता बरीच आहे. ते फोडायचे नाहीत, वरून फेकायचे नाहीत. ओले करून, अख्खे, अलगद उतरवायचे. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर आजार दिसायला कित्येक वर्षं लागतात, म्हणूनच कामगार ते मनावर घेत नाहीत. हे काम माहितगाराकडूनच करवा.

सामाईक भिंत हा तुमचा खरा नाजूक भाग. पाडकामाआधी शेजाऱ्यांच्या घरात जाऊन, त्यांच्यासमोर, असलेल्या प्रत्येक तड्याचा तारखेसह फोटो काढा. त्यात दोघांचंही भलं आहे. त्या बाजूला मशीन नको, हाताने पाडा. पायाही एका दमात सलग खणायचा नाही, तुकड्या-तुकड्याने खणून भरत जायचं. त्यांची उघडी पडलेली बाजू पावसाआधी प्लास्टर करून द्या. पाडायचं नेहमी वरून खाली. 'आठ दिवसांत' म्हणणारा माणूस खालून धक्का देऊन भिंत आडवी करणारा असू शकतो, नीट विचारून घ्या.

वीज, पाणी, गॅस आधी अधिकृतपणे बंद करा. बांधकामाला वीज-पाणी लागतंच, तेव्हा मीटर कायमचा रद्द करण्याआधी तात्पुरत्या जोडणीचं बघा. जोत्याची उंची ठरवताना रस्ता पुढेही चढणार हे धरा. वाळवीचं औषध पाया खणल्यावर, भराव घालतानाच मारून घ्या, नंतर फरशीला भोकं पाडत बसावं लागतं.

प्रतिसाद

लाकडाबद्दल. 'वर पैसे देतो' म्हणतोय म्हणजे त्याने तुळया बघितल्यात. :) आधी दुसऱ्या दोघांना दाखवा. दारं, तुळया, दगड, लोखंड, काय तुमचं आणि काय त्याचं, याची यादी करून सही घ्या. चुन्यात बांधलेल्या विटा साफ होऊन परत वापरता येतात, सिमेंटमधल्या सोडवताना फुटतात. मलबा कोण उचलणार, कुठे टाकणार तेही लिहा. आणि भिंत पडली की ढिगारा वाटतो त्यापेक्षा बराच जास्त होतो, सुट्या मालात पोकळी असते ना.

आईंसाठी भाड्याचं घर बघताना कंत्राटदार सांगेल त्या मुदतीत बरेच महिने मिळवा. काँक्रीटची ठरलेली ताकद 28 दिवसांची धरतात, पहिले कित्येक दिवस नुसतं पाणी मारायचं असतं. तिथे घाई करणारा कंत्राटदार नको. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या, आगाऊ मोठी रक्कम देऊ नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पाडणाऱ्याला 'कळवतो' म्हणून सांगितलंय. भाऊ वारसनोंदीच्या मागे लागलाय, दोन आर्किटेक्टना पुढच्या आठवड्यात भेटतोय.

चिरेवर पट्टा ओढून बारा दिवस झाले. काल सकाळी आईने हाक मारली. केसाएवढी रेघ उमटलीये, अगदी मधोमध. आईची खाट खाली हलवली आणि जिना बंद केला. एक इंजिनियर परवा येऊन बघणार आहेत. गंमत म्हणजे मी फक्त सुरुवातीची तारीख लिहिली होती, तिने शेजारी पेन्सिलीने कालची घातली. भाड्याचं घर कधी बघायचं, हेही तिनेच विचारलं.

आता नवीन प्रश्न. शेजाऱ्यांकडे फोटो काढायला गेलो तर दिसलं की त्यांच्या माडीच्या तीन तुळयांची टोकं आमच्या सामाईक भिंतीतच टेकलेली आहेत. म्हणजे ती भिंत काढायचीच नाही, की त्यांच्या तुळयांना आधी वेगळा आधार द्यायचा? आणि तो खर्च कुणाचा? इंजिनियर साहेब, यावर जरा लिहाल का?