मदत हवी आहे: व्यायामात गोडी टिकून राहील असं काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

व्यायाम का करावा हे मला पुरेपूर पटलेलं आहे, त्यामुळे त्यावर सल्ला नको. मला विचारायचं आहे ते असं, की करताना मजा यावी आणि त्यामुळेच तो चालू राहावा, यासाठी तुम्ही नेमकं काय करता?

वय चाळिशीच्या आसपास, काम दिवसभर बैठं. डॉक्टरांनी तपासून कसलंही पथ्य नाही म्हणून सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी काहीतरी करावं. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तेवढा वेळ मी काढू शकते. पण तो अर्धा तास सरता सरत नाही! ट्रेडमिलवर सगळं लक्ष समोरच्या आकड्यांकडे. वर टॉवेल टाकला, तर दर थोड्या वेळाने टॉवेल उचलून बघावंसं वाटतं. दोरीवरच्या उड्या आवडतात, पण लगेच धाप लागते आणि मग नकोसं होतं.

लहानपणी पकडापकडी खेळताना 'अजून किती वेळ?' असं कधी मनातही आलं नव्हतं. तसं काहीतरी हवंय. गाणी ऐकता की पुस्तक? सोबत कुणी असतं का? रोज एकच प्रकार करता की बदलता? आणि सवय अंगवळणी पडायला साधारण किती दिवस धरून चालायचं?

प्रतिसाद १

धाप लागते म्हणताय, तर आधी वेग कमी करा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम व्यायाम. त्याच्या बराच पुढे गेलं की बहुतेकांना तो त्या क्षणी त्रासदायकच वाटतो, आणि मनात तीच आठवण राहते. मी सुरुवातीला मुद्दाम 'अजून थोडं केलं असतं' असं वाटत असतानाच थांबायचो. दुसऱ्या दिवशी बूट घालायला जिवावर येत नसे.

नवीन काही सुरू केलंत तर तेही थोडंच करा. अंगदुखी बहुधा लगेच कळत नाही, २४ ते ७२ तासांत जोर धरते. जिना उतरताना मांड्या ठणकत असतील तर कुठली आलीय मजा!

प्रतिसाद २

मी पुस्तक ऐकते, आणि तेही फक्त चालतानाच. रहस्यकथा असते. खुनी कोण हे कळायच्या बेतात असलं तरी दारापाशी आले की हेडफोन काढते. मन घट्ट करावं लागतं, पण दुसऱ्या दिवशी पाय आपोआप बाहेर पडतात.

यावर केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला खिळवून ठेवणारी ऑडिओ पुस्तकं फक्त जिममध्येच ऐकायला मिळत होती. सुरुवातीला त्या गटाच्या जिमला जाण्याच्या खेपा तुलनेच्या गटापेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त होत्या. पुढे मात्र फरक ओसरत गेला, विशेषतः मध्ये आलेल्या काही दिवसांच्या सुट्टीनंतर. म्हणून मोठा खंड पडणार असेल तर परतल्यावरचं पुस्तक मी आधीच निवडून ठेवते.

प्रतिसाद ३

ट्रेडमिल आवडत नसेल तर सोडून द्या ना. बॅडमिंटन खेळून बघा. डोळे शटलवर असले की घड्याळाकडे जातच नाहीत. एकच अट, जोडीदार आपल्या तोडीचा हवा. फार वरचढ असला तर शटल उचलण्यातच वेळ जातो, अगदीच नवखा असला तर त्याचा. आमचं चौघांचं ठरलेलं आहे. एक जण आला नाही तर दुहेरीचा डाव मोडतो, त्यामुळे कंटाळा आला तरी जावंच लागतं, आणि गेल्यावर परत यावंसं वाटत नाही.

सवयीचं म्हणाल, तर फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस आले होते. पण माणसागणिक आणि सवयीगणिक तो आकडा १८ पासून २५४ पर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नव्हतं, हे त्यातलं मला सगळ्यात उपयोगी वाटलं.

धागाकर्ती

मनापासून आभार. ट्रेडमिल बंद. एक मैत्रीण बॅडमिंटनला तयार आहे आणि तीही माझ्याइतकीच नवीन आहे. इतर दिवशी पुस्तक ऐकत बेताच्या वेगाने चालेन.

ताकदीच्या दोन दिवसांचं मात्र राहिलंच. बैठका आणि भिंतीला टेकून जोर काढताना आकडे मोजावे लागतात आणि तिथे पुन्हा तोच कंटाळा. मोजण्याऐवजी एक गाणं संपेपर्यंत एक प्रकार, असं कुणी करतं का? दम न लागता जमेल असं गाणं कसं निवडता?