पहिली लाकडी वस्तू आणि तिच्यातली चूक

सुतारकाम हा ज्यांचा व्यवसाय नाही, ज्यांच्या घरात कोणी कधी रंधा धरलेला नाही, आणि तरीही ज्यांनी स्वतःच्या हातांनी घरासाठी एखादे स्टूल, मांडणी, टेबल किंवा बाक बनवला आहे, अशा सोलापुरातल्या परिचितांनी आपला अनुभव लिहून द्यावा, अशी विनंती मी केली होती. अट एकच ठेवली होती, की वस्तूत काय चुकले ते लिहिलेच पाहिजे. वस्तूची दर्शनी बाजू सगळेच दाखवतात. भिंतीकडे वळवून ठेवलेली बाजू कोणी दाखवत नाही, आणि नवशिक्याला नेमकी तीच पाहायची असते. आलेली पत्रे भाषा थोडी सारखी करून खाली देत आहे. अट मी घातली असल्यामुळे सुरुवात माझ्यापासून करतो.

जुळे सोलापूर, बँकेतील नोकरी

दिवाळी अंकांचे गठ्ठे पलंगाखालून बाहेर काढावेत, एवढ्याच हेतूने मी पुस्तकांची मांडणी करायला घेतली. आठ फूट बाय चार फूट आकाराची १८ मिलिमीटर जाडीची प्लायवुडची शीट घेतली आणि कागदावर हिशेब केला, की चार फूट रुंदीत बरोबर एक-एक फुटाच्या चार पट्ट्या बसतात आणि प्रत्येक पट्टीचे मधोमध दोन तुकडे केले की आठ फळ्या मिळतात. दुकानातल्या यंत्रावर पट्ट्या कापून घेतल्या आणि घरी आणून एकावर एक ठेवल्या, तेव्हा शेवटच्या पट्टीच्या दोन्ही फळ्या इतरांपेक्षा तीन सूत अरुंद निघाल्या. करवतीचे पातेही जागा खाते, हे माझ्या हिशेबात नव्हतेच. एका कापात सुमारे तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. चार पट्ट्यांसाठी तीन काप घेतले आणि नऊ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन सूत, जमिनीवर सांडले. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने ही वजाबाकी विसरावी, याची लाज अजून वाटते.

दुसरी चूक दिसायला सहा महिने लागले. चार फूट लांबीच्या फळीला मध्ये आधार दिलेला नव्हता. उभ्या लावलेल्या पुस्तकांचे वजन दर फुटाला दहा किलोच्या आसपास भरते, त्यामुळे एका फळीवर चाळीस किलोंचा भार सतत पडून होता आणि फळी मध्यावर झोळीसारखी खाली आली. लांबी वाढवली की फळीचे वाकणे त्याच प्रमाणात वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. आता प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेखाली दीड इंच उंचीची सागवानी पट्टी गोंद लावून स्क्रूने बसवली आहे, आणि तेवढ्याने फळ्या सरळ राहिल्या आहेत. नव्याने करणाऱ्याने अडीच फुटांपेक्षा लांब फळी निराधार ठेवू नये.

विजापूर रोड, निवृत्त शिक्षिका

मोहोळजवळच्या आमच्या शेतातला कडुनिंब मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात मुळासकट पडला. सासूबाईंनी लावलेले झाड सरपणात जाऊ नये म्हणून मी त्याचा बुंधा वखारीत नेऊन इंचभर जाडीच्या फळ्या काढून घेतल्या आणि ऑगस्टमध्ये नातवासाठी अभ्यासाचे टेबल करायला बसले. चार फळ्या कडेला कड लावून जोडल्या, दोन फूट रुंदीचा वरचा पृष्ठभाग तयार झाला, आणि तो खालच्या चौकटीला मी तब्बल सोळा स्क्रूंनी घट्ट आवळला. त्या वेळी मला त्या घट्टपणाचा फार अभिमान वाटला होता.

पुढच्या एप्रिलमध्ये, पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, दुपारी तीनच्या सुमारास बंद खोलीतून काठी मोडावी तसा आवाज आला. जाऊन पाहते तर टेबल एका टोकापासून जवळजवळ मध्यापर्यंत तडकले होते आणि फटीतून खालची चौकट दिसत होती. शेजारच्या गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी फटीत बोटाचे नख घालून पाहिले आणि म्हणाले, "बाई, ओलं लाकूड होतं. उन्हाळ्यात ते आकसणारच. तुम्ही त्याला चारी बाजूंनी जखडून ठेवलाव, मग ते जाईल कुठं?"

त्यांनी पुढे जे समजावले ते मी वर्गात शिकवावे तसे वहीत लिहून ठेवले आहे. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. ते आकसते आणि फुगते ते रेषांना आडवे, म्हणजे फळीच्या रुंदीत. पावसाळ्यात हवेतला दमटपणा पिऊन फळी रुंदावते आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अरुंद होते. दोन फूट रुंदीला दोन-तीन सुतांचा फरक सहज पडतो, आणि लाकूड ओले असेल तर त्याहून अधिक. माझी चौकट आडव्या लाकडाची, म्हणून ती जागची हलली नाही; वरच्या फळ्यांना मात्र हलायचे होते. सोळा स्क्रूंनी त्यांची वाट अडवली आणि त्यांनी स्वतःची वाट काढली.

दुरुस्ती त्यांच्या देखरेखीखाली मीच केली. तडकलेल्या रेषेवरून फळी चिरली, दोन्ही कडा रंधून पुन्हा जोडल्या, आणि चौकटीत मधले भोक गोल ठेवून बाकीची भोके कानशीने लांबट केली, जेणेकरून वायसरसह बसवलेला स्क्रू लाकडाबरोबर थोडा सरकू शकेल. टेबल पाऊण इंचाने अरुंद झाले आहे. इंचभर जाडीची फळी सावलीत, मध्ये काड्या घालून हवेशीर रचली तरी वाळायला साधारण वर्ष घेते, हा जुना ठोकताळा मला तेव्हा माहीत नव्हता. आता उरलेल्या फळ्यांपैकी एक तुकडा मी दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते आणि वजन उतरायचे थांबल्याशिवाय त्या फळ्यांना हात लावायचा नाही, असे ठरवले आहे.

होटगी रोड, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

वरील बाईंचे टेबल उन्हाळ्याने फोडले, माझी खुर्ची उन्हाळ्याने जोडूच दिली नाही. परीक्षा संपल्यावर मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, भर दुपारी मी आठ सांध्यांना एकाच वेळी पांढरा गोंद लावला. आठवा सांधा माखून होईपर्यंत पहिल्यावर साय धरली होती. एरवी दहा मिनिटे तरी हालचालीला मिळतात. त्या उष्णतेत तीनसुद्धा मिळाली नाहीत. खुर्ची उभी राहिली, आणि वडील बसताच मागचे दोन्ही सांधे शांतपणे सुटले.

दुसऱ्यांदा मी पहाटे पाचला उठून काम केले, खुर्चीच्या दोन बाजू आधी वेगवेगळ्या जोडल्या, गोंद नसताना एकदा सगळे बसवून पाहिले, आणि मगच गोंद उघडला. शिकंजे दोनच होते, म्हणून दाब देण्यासाठी पाण्याने भरलेले कॅन वर ठेवले. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे आईने ते संध्याकाळीच काढून घेतले. गोंदाला पूर्ण बळ यायला चोवीस तास लागतात, ही माझी सबब तिने ऐकली नाही. खुर्ची किंचित तिरपी आहे ती त्यामुळे.

(या पत्रावर मी त्याला विचारले, की जोडतानाच कर्ण मोजले होते का. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरले तरच ती काटकोनात असते. गोंद ओला असतानाच हे पाहिले तर लांब कर्णावर दाब देऊन ती सरळ करता येते. त्याने मोजले नव्हते. तेव्हा सगळा दोष आईच्या माथी नको.)

अक्कलकोट रोड, टॉवेल कारखान्यात पर्यवेक्षक

आमच्याकडे यंत्रसामग्रीबरोबर आलेल्या लाकडी पेट्या आणि पॅलेट, म्हणजे मालाखाली ठेवायचे फळ्यांचे तळ, सरपण म्हणून जातात. त्यांतली चार पॅलेट मी परवानगीने घरी नेली आणि चपलांची मांडणी केली. फुकटच्या लाकडाचे मोल मला पुढे वेळेत मोजावे लागले. एक पॅलेट न फोडता मोकळे करायला पूर्ण रविवार जातो, कारण त्याचे खिळे पिळाचे असतात आणि उपसताना फळी चिरते. मी काही खिळ्यांची डोकी तोडून तसेच आत ठेवले आणि त्यावरून रंधा फिरवला. पात्याला दोन ठिकाणी खाचा पडल्या, त्या घासून काढायला दगडावर दोन संध्याकाळी गेल्या, आणि तोवर त्या पात्याने रंधलेल्या प्रत्येक फळीवर दोन बारीक रेषा उठत राहिल्या. आता रंधण्याआधी मी प्रत्येक फळीवरून जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक फिरवतो.

परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखी खूण आणि दोन अक्षरे छापलेली असतात, ती जरूर पाहावीत. एचटी म्हणजे लाकूड तापवून कीड मारली आहे. ते घरात चालते. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली आहे. ते लाकूड घरात आणू नये आणि जाळूही नये. ज्यावर तेल किंवा रसायन सांडल्याचे डाग आहेत, ते कोणत्याही खुणेचे असले तरी सोडून द्यावे.

सात रस्ता, वकील

माझी चूक थोडक्यात सांगता येईल. स्वयंपाकघरात सिंकखालचे कपाट मी भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डचे केले, कारण ते स्वस्त होते आणि कापायला सोपे वाटले. पहिल्याच गळतीत त्याचा तळ पावासारखा फुगला आणि स्क्रू हाताने निघून आले. आता तिथे आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन प्लाय आहे. आयएस ३०३चे साधे प्लाय कोरड्या खोलीतल्या कपाटाला पुरेसे आहे. ते पाण्याशेजारी लावू नये. शिक्का पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हा सल्ला अशिलाला देतो तसा देत आहे.

बाळे, गृहिणी

माझा चौरंग चांगला झाला. चूक त्याच्यानंतरची आहे, पण ती लिहिलीच पाहिजे. घरात लहान मुले असल्यामुळे मला उग्र वासाचे पॉलिश नको होते, म्हणून मी जवसाचे तेल लावायचे ठरवले. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्याच जवसाचे तेल, त्यात धोका तो काय, असे वाटले. पुसायला वापरलेल्या जुन्या सुती फडक्यांचा बोळा करून तो प्लॅस्टिकच्या बादलीत टाकला आणि बादली गच्चीवर ठेवून खाली आले. दोन-अडीच तासांनी जळका वास आला. वर गेले तेव्हा बोळ्यातून धूर निघत होता आणि बादलीची एक बाजू वितळून आत वळली होती. जवळपास काडी, विडी, दिवा काहीही नव्हते.

जवसाचे तेल नुसते वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. फडके पसरलेले असेल तर ती उडून जाते, बोळा असेल तर आत कोंडते आणि फडके आपोआप पेटू शकते. माझा बोळा तर वर तापलेल्या गच्चीवर होता. आता प्रत्येक फडके पाण्यात भिजवून, सुटे पसरून दोरीवर वाळवते आणि कडक झाल्यावरच टाकते. चौरंगावर गौरी बसल्या तेव्हा सगळ्यांनी चकाकीचे कौतुक केले. ती बादली मी मुद्दाम ठेवली आहे.

साखर पेठ, शिवणकाम

आमच्या तातांचा, म्हणजे आजोबांचा, हातमाग ते गेल्यापासून वीस वर्षे मागच्या खोलीत उभा होता. घर दुरुस्त करायचे ठरले तेव्हा तो भंगारवाल्याला द्यायची बोलणी झाली, आणि मी म्हटले, मला त्याचा बाक करू द्या. तोवर मी खिळासुद्धा ठोकला नव्हता.

माग सोडवतानाच मी निम्मे सुतारकाम शिकले. त्या सगळ्या सांगाड्यात मला एकही खिळा सापडला नाही. उभ्या खांबाला आरपार भोक, त्यातून आडव्या लाकडाचे कुसू, म्हणजे भोकात बसेल असे बारीक केलेले टोक, बाहेर आलेले, आणि कुसवाच्या टोकात ठोकलेली लाकडी पाचर. मी पट्टीने मोजले: खांब तीन इंचांचा, कुसू एक इंच जाडीचे. पुढे कळले, की कुसू लाकडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचे ठेवायचे हीच रीत आहे, कारण जाड केले तर भोकाच्या भिंती दुबळ्या होतात आणि पातळ केले तर कुसूच मोडते. नाना, म्हणजे माझे वडील, सांगतात, की उन्हाळा लागला की ताता सकाळी मागावर बसण्याआधी हातोडीने प्रत्येक पाचर एकेकदा ठोकत, आणि पावसाळ्यात तिला हात लावत नसत. विजापूर रोडच्या बाईंचे पत्र मला आधीच वाचायला दिले होते. ते वाचताना मला ती हातोडी आठवली.

खांब कापून पाय केले. कुसवांची जुनी भोके तशीच वापरली, फक्त आडवी लाकडे आखूड करून त्यांना नवी कुसवे करवतीने आणि पटाशीने काढली. चारांपैकी दोन सैल झाली, म्हणून त्यांच्या पाचरी जाड आहेत. निरखून पाहिले तर कोणाच्याही लक्षात येईल. बसायची फळी मात्र तातांचीच, ज्यावर बसून ते विणत. ती काळी, तुळतुळीत आणि मध्ये किंचित खोलगट झालेली होती.

चूक मी त्या फळीवर केली. शेजाऱ्यांचे घासायचे यंत्र आणले, त्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर लावला आणि डाव्या टोकापासून सुरुवात केली. खालून पांढुरके, नवे लाकूड निघू लागले. मला वाटले, काय छान उजळते आहे. निम्मी फळी झाली तेव्हा नाना बाहेरून आले आणि दारातच थांबले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी उजव्या, काळ्या भागावरून तळहात फिरवला, मग डाव्या भागावरून फिरवला, आणि आत गेले. मी यंत्राची वायर काढली. गेलेली झिलई पुन्हा कशी आणायची, हे मिस्त्रींना विचारले, तर ते म्हणाले, "अजून चाळीस वर्षं कुणीतरी बसायला पायजे."

बाक आता पुढच्या दाराशी आहे, अर्धा पांढरा आणि अर्धा काळा. ब्लाउजचे माप द्यायला येणाऱ्या बायका पांढऱ्या बाजूला बसतात. उजवीकडे नाना बसतात, आणि एप्रिल लागला की जाता-येता हातोडीने चारही पाचरी ठोकून जातात.