पुठ्ठ्याचे खडक

'स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेचा १९६६चा पहिला सीझन आता बघवत नाही, खडक पुठ्ठ्याचे दिसतात,' असं कोणीतरी म्हटलंय. दिसतात खरे! पण दशावतारात बाकड्याचं सिंहासन झालेलं बघत वाढलो आपण, खडकांचं काय घेऊन बसलात? परवा मालवणात धो धो पाऊस, वीज गेलेली. लॅपटॉपच्या उरलेल्या चार्जिंगवर बाबांना त्याच सीझनमधला 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग दाखवला. खाणकामगारांना मारणारा सिलिकॉनचा जीव, आणि ते फोडत होते ते गोल दगड म्हणजे त्याची अंडी. चिरेखाणीवर जन्म काढलेले बाबा गप्पच झाले. मग म्हणाले, "चूक कोणाची रे मग?" रबराच्या सोंगाखाली माणूस रांगतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

तिसरा सीझन मात्र खरंच बघवत नाही. तो मीही पळवत पळवतच बघतो.