बलात्काराच्या केसमधले सॅम्पल हॉस्पिटलने किती दिवस सांभाळायचे?

स्टाफनर्स_ग्रामीण: आमच्याकडे अशी पेशंट आली की डॉक्टर तपासून स्वॅब, नखं, कपडे सगळं सील करतात, पण न्यायला पोलीस कधी दुसऱ्या दिवशी येतात कधी चौथ्या, तोवर पाकिटं इन्सुलिनच्या फ्रीजमध्ये पडून. कायद्यात काही मुदत आहे का? उद्या कोर्टात आम्हालाच उभं करतील म्हणून विचारतेय.

वकील_भाऊ: ताई, मुदती आहेत पण विखुरलेल्या. नवीन बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 184 मध्ये पोलिसांना खबर मिळाल्यापासून 24 तासांत पीडितेला तपासणीला पाठवायचं आणि डॉक्टरने 7 दिवसांत रिपोर्ट द्यायचा, एवढंच आहे. तुमच्या कामाचं म्हणजे सुप्रीम कोर्टाचा जुलै 2025 चा कट्टवेल्लईचा निकाल, तमिळनाडूची केस. फाशीची शिक्षा झालेला हा आरोपी सुटला, कारणांमध्ये डीएनए सॅम्पलची हेळसांडही होती. तेव्हा कोर्टाने सांगितलं की सॅम्पल घेतल्यापासून 48 तासांत लॅबला पोचलं पाहिजे, ती जबाबदारी तपास अधिकाऱ्याची, उशीर झाला तर कारण केस डायरीत लिहायचं, आणि कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेलं त्याचं रजिस्टर निकालापर्यंत ठेवायचं.

डॉ_फॉरेन्सिक: फ्रीजचं नंतर बघू, आधी स्वॅब सावलीत नीट वाळवता का ते सांगा. ओला स्वॅब पॅक केला की बुरशी धरते आणि सीएचा (लॅबच्या केमिकल अ‍ॅनालायझरचा) रिपोर्ट "काही आढळलं नाही" असा येतो, मग बचावाचा वकील तोच कागद नाचवतो. कपडे कागदी पाकिटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नाही (हे अजून चालतं, बघून डोकं फिरतं).

मीनल_नाशिक: बाईने आंघोळ केली असेल तर मग सगळं गेलंच ना?

डॉ_फॉरेन्सिक: नाही हो! केंद्राच्या 2014 च्या गाइडलाइनप्रमाणे 96 तासांपर्यंत पुरावा गोळा करतात. आंघोळ केली, कपडे बदलले तरी यायचं, जुने कपडे न धुता आणायचे. आणि फुकट उपचार प्रायव्हेटवाल्यांनाही नाकारता येत नाहीत, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम 200 खाली वर्षापर्यंत कैद आहे.

सॅनहोजेकर: इकडे अमेरिकेत 2016 च्या फेडरल कायद्यात किट (म्हणजे अशा सॅम्पलचा संच) 20 वर्षं किंवा गुन्ह्याचा खटला भरायची मुदत संपेपर्यंत, जे आधी असेल तितकं ठेवायचं आहे. आपल्याकडे असं वर्षांत काही?

वकील_भाऊ: मला तरी माहीत नाही. मुद्देमालाचं काय करायचं ते कोर्ट ठरवतं. बलात्काराला तक्रारीची कालमर्यादा नाही, मग पुराव्यालाच वर्षांचा आकडा का नसावा हा प्रश्न रास्त आहे. ताई, तुम्ही पोलीस येईपर्यंत जपायचं आणि आजच ठाण्यात लेखी कळवायचं, नुसता फोन नको.

स्टाफनर्स_ग्रामीण: बरं. चौथ्या दिवशी येणाऱ्याकडून सही घेताना तारीख, वेळ पण लिहून घेऊ ना?

वकील_भाऊ: घ्याच. नाव आणि बक्कल नंबरपण.