मदत हवी आहे: झिर्कोनेटच्या पेलेटवरचा बिघाड पॉलिशचा की आयनांचा?

नमस्कार मंडळी,

इथे अणुइंधन, सिरॅमिक किंवा एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्यात) काम करणारं कुणी असेल तर कृपया वाचा. मी पीएचडीसाठी गॅडोलिनियम झिर्कोनेटवर (गॅडोलिनियम आणि झिर्कोनियमच्या ऑक्साइडवर) काम करते. अणुभट्टीत प्लुटोनियम जाळायचं आणि नवं तयार होऊ द्यायचं नाही, तर ते युरेनियम नसलेल्या सिरॅमिकमध्ये बसवावं लागतं, आणि त्या सिरॅमिकला किरणोत्सर्गाचा मारा सोसावा लागतो. त्याचं टायटेनियमवालं भावंड, टायटेनेट, इथेच हरतं. खोलीच्या तापमानाला ०.२ डीपीएच्या (दर अणूमागे सरासरी किती वेळा जागा सुटली याचं माप) आसपासच त्याची स्फटिकरचना पार मोडते. झिर्कोनेट मात्र धन आयनांची अदलाबदल पचवतं, पायरोक्लोरचं (धन आयन ठरावीक जागी असलेल्या रचनेचं) फ्लोराइट (ते आयन सरमिसळ झालेली रचना) होतं, पण स्फटिक राहतं. जे आधीच विस्कटायला तयार तेच टिकतं, हा लॉस अ‍ॅलामॉसच्या गटाने २००० साली मांडलेला विचार मला अजूनही फार देखणा वाटतो.

अडचण हा बदल मोजताना येते. किरणोत्सर्गाच्या जागी मी पेलेटवर झेनॉन आयनांचा मारा करते. ते काही शे केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे, त्यामुळे बाधित थर जेमतेम शंभर-सव्वाशे नॅनोमीटर. साध्या स्कॅनमध्ये खालचा शाबूत भागच जास्त दिसतो, म्हणून ग्रेझिंग कोनात (क्ष-किरण पृष्ठभागाला जवळजवळ समांतर सोडून) मोजलं. ०.५ अंशाला फक्त पायरोक्लोरमध्ये दिसणारी ३३१ रेषा (कॉपर के-अल्फाला ३७ अंशांजवळची) गायब, दोन्ही रचनांत असणारी २२२ जागच्या जागी. इथवर उत्तम. पण मारा न केलेली जोडीची पेलेट त्याच कोनात लावली, तर तिचीही ३३१ खुजी आणि पसरट! साध्या स्कॅनमध्ये तीच रेषा टोकदार आहे. दोन्ही पेलेट शेवटी १ मायक्रॉनच्या डायमंड पेस्टवर पॉलिश केलेल्या.

बॉल मिलमध्ये पायरोक्लोर विस्कटतं हे माहीत आहे. नुसत्या पॉलिशनेही वरचा थर तसा बिघडतो का, आणि किती खोल? माऱ्याआधी अनील करायचा (भट्टीत तापवून रचना सावरायचा) विचार आहे. साधारण १५५० अंश सेल्सिअसच्या वर रचना आपोआप फ्लोराइट होते, म्हणून १४०० ठरवलंय. पण तेवढ्यात ग्रेनच्या (आतल्या सुट्या स्फटिककणांच्या) कडांवर खाचा पडल्या तर ग्रेझिंगचं मोजमापच जाईल. कोलॉइडल सिलिकाने (अतिसूक्ष्म कणांच्या पॉलिशने) काम भागेल का? रामन वर्णपटाचा (लेझरने रचना तपासण्याच्या पद्धतीचा) हिरवा लेझर या पारदर्शक ऑक्साइडमध्ये फार खोल जातो, त्यामुळे तो पर्याय मला पटत नाही.

जाता जाता: एसआरआयएममध्ये (आयनांच्या माऱ्याचा हिशेब करणाऱ्या प्रोग्राममध्ये) मी किंचिन-पीज हा झटपट हिशेबाचा पर्याय वापरते. फुल कॅस्केडला (प्रत्येक धक्क्याचा माग काढणाऱ्या पर्यायाला) डीपीए जवळपास दुप्पट येतो. जुन्या पेपरात पर्याय लिहिलेला नसेल तर तुलना कशी करता?

पुढच्या बीमटाइमआधी (आयनांच्या यंत्रावर मिळणाऱ्या वेळेआधी) नमुने तयार करायचे आहेत. स्वतः करून पाहिलं असेल तर पॉलिशची शेवटची पायरी, अनीलचं तापमान आणि वेळ, एवढं जरूर लिहा.